नदी दुसऱ्या खात्यात येते

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नदीचं पाणी खालच्या वस्तीत शिरलं. त्या वेळी गावातली एकुलती एक सरकारी बचाव होडी टेकडीवरच्या कॉलनीत, क्लबहाउससमोरच्या हिरवळीवर, साखळीने दिव्याच्या खांबाला बांधलेली होती. तिच्यात शेवंती लावलेली होती.

ती होडी मीच. मीच बोलतेय. मला कुणी विचारलेलं नाही. पण ज्यांना विचारायला हवं होतं त्यांनाही कुणी विचारलेलं नाही, म्हणून म्हटलं, आपणच तोंड उघडावं.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये, साच्यात झाला. फायबरचं अंग, नारिंगी रंग, बाजूला पांढऱ्या अक्षरांत ‘आठ माणसं’. कारागिराने मला टाकीत सोडलं, आत चढून दोन उड्या मारल्या, आणि पाठीवर थाप देऊन म्हणाला, “जा पोरी. कुणाच्या तरी उपयोगी पड.” त्या टाकीतलं पाणी हे मी आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी.

मला कुठे ठेवायचं हे ठरवायला मोजणी निघाली. संकट आलं तर कुठल्या भागातली माणसं आधी कोलमडतील, हे प्रश्न विचारून मोजायचं. जो जास्त दुबळा त्याला जास्त गुण, आणि ज्याला जास्त गुण त्याला होडी. कल्पना वाईट नव्हती. वाईट कल्पना निदान लवकर ओळखू तरी येतात.

मोजणीसाहेब जीप घेऊन निघाले. निकाल लागला की तिथल्या तिथे उतरवता यावं म्हणून मला ट्रॉलीवर मागे बांधलं. त्यामुळे सगळे प्रश्न आणि सगळी उत्तरं मी स्वतः ऐकली. होडीला कान नसतात असं कुणी म्हणेल. साहेबांना दोन होते.

आधी आम्ही खालच्या वस्तीत गेलो. नदी तिथून इतकी जवळ की तिचा वास माझ्या अंगाला लागला आणि मी ट्रॉलीवर शहारले. पहिलंच घर इस्त्रीवालीचं. पुढच्या खोलीत भलंमोठं लाकडी इस्त्रीचं टेबल, आणि दाराशी खाटेवर तिचे सासरे. सगळी वस्ती त्यांना आबा म्हणायची. आबांच्या गुडघ्यांवर कडक इस्त्रीची चादर होती. चादरीखालचे पाय गेली कित्येक वर्षं कामातून गेलेले होते. आवाज मात्र धडधाकट.

साहेबांना खुर्ची मिळाली, सरबत मिळालं, आणि बघायला अर्धी वस्ती जमली. पाहुण्यासमोर रडगाणं गायचं नाही, ही त्या वस्तीची जुनी खोड.

“पोहता येणारे किती?” साहेबांनी विचारलं.

“सगळे,” इस्त्रीवाली म्हणाली. “मांजर धरून.”

“शेजाऱ्यांपैकी किती जणांना ओळखता?”

“सगळ्यांना. नको असलेल्यांनाही.”

“मागच्या पुरातून सावरायला किती दिवस लागले?”

“दिवस कसले? चिखल काढला, दुसऱ्या दिवशी टेबल मांडलं. लोकांचे कपडे थांबतात होय?”

साहेब खुश होऊन टॅबवर बोट फिरवत होते. त्यांची मान वर झाली असती तर पुढचा प्रश्न विचारायची वेळच आली नसती.

“घरात दुसऱ्याच्या आधाराशिवाय बाहेर पडू न शकणारं कोणी?”

इस्त्रीवालीने आबांकडे बघितलं. आबांनी तिच्याकडे असं बघितलं की सरबताचा ग्लास तडकावा.

“नाही,” ती म्हणाली.

“मी रोज कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो,” आबांनी खाटेवरून ठणकावलं.

“जातात की. मला सांगतसुद्धा नाहीत.”

जमलेली वस्ती हसली. आबाही हसले. सासऱ्याला चारचौघांत लंगडं म्हणवेना, म्हणून सून खोटं बोलली. मी त्या जागी असते तर मीही तेच बोलले असते.

मग टेकडी. तिथे नदी दिसते, तीही गच्चीवर चढून आणि हवा स्वच्छ असेल तर. क्लबहाउसमध्ये कॉलनीचे सेक्रेटरी आणि बागेची हौस असलेल्या डॉक्टरीणबाई साहेबांची वाटच बघत होते.

“शेजाऱ्यांपैकी कोणाला ओळखता?”

“शेजारी राहतं का कुणी?” डॉक्टरीणबाईंनी सेक्रेटरींना विचारलं.

“मीच राहतो,” सेक्रेटरी म्हणाले.

“पोहता येतं?”

“तलाव आहे. पण पाणी गार असतं.”

“लिफ्ट बंद पडली तर?”

“तर आम्ही संपलो, साहेब!” डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. “मुलगा परदेशात. सून फोन उचलत नाही. कामवाली आली नाही तर चहाची पातेली कुठे असते तेही मला माहीत नाही.”

यातलं काहीही खोटं नव्हतं. टेकडीवरची माणसं खरोखरच एकटी, म्हातारी आणि घाबरलेली होती. त्यांना गावात सगळ्यात जास्त गुण पडले. खालची वस्ती सगळ्यात भक्कम ठरली. मला हिरवळीवर उतरवलं, फोटो काढला, टाळ्या वाजल्या.

मी तिथे बरेच दिवस बसून राहिले. पहिल्यांदा लोकांनी माझ्यात बसून फोटो काढले. मग कुत्र्याने पिल्लं घातली. मग डॉक्टरीणबाईंनी माळ्याला बोलावलं. “एवढी छान कुंडी रिकामी का ठेवायची?” माझ्यात माती भरण्याआधी माळ्याने गिरमिट आणलं, कारण पाणी साचलं की मुळं कुजतात. त्याने माझ्या तळाला भोकं पाडली. भोकं पाडताना तो म्हणाला, “माफ कर ग बाई.” तो खालच्या वस्तीतच राहायचा.

इस्त्रीवाली कपड्यांचं गाठोडं घेऊन टेकडी चढायची आणि माझ्या काठावर टेकून दम खायची. “काय ग, बरी फुललीस,” म्हणायची. एकदा मोजणीसाहेब कॉलनीत चहाला आलेले तिला दिसले. तिने त्यांना माझ्यापाशीच गाठलं.

“साहेब, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. आमचे आबा दोन पावलंही चालू शकत नाहीत. होडी खाली द्या.”

“ताई, उत्तर तुमचंच आहे.”

“ते समोर बसले होते हो! त्यांच्या तोंडावर कसं सांगणार?”

“फेरमोजणी आपत्तीनंतरच होते.”

“आणि आपत्तीत काय करू?”

“तुमचे गुण बघता तुम्ही तरून जाल.”

तिने खाली नदीच्या दिशेने हात केला. “तुमच्या एवढ्या प्रश्नांत, नदी घरापासून किती लांब, हा एक प्रश्न का नाही?”

साहेब शांतपणे म्हणाले, “आम्ही फक्त माणसांचा दुबळेपणा मोजतो, ताई. नदी दुसऱ्या खात्यात येते.”

त्या दुसऱ्या खात्यात ती गेली होती. परत आल्यावर माळ्याला म्हणाली, “ते म्हणाले, आम्ही फक्त पाणी मोजतो. माणसं आमच्याकडे येत नाहीत.”

मग तो सोमवार उजाडला. माळी छातीपर्यंत भिजलेला, धापा टाकत वर आला. “होडीच्या साखळीची किल्ली द्या! इस्त्रीवाल्या वहिनी आबांना टेबलावर घेऊन बसल्यात. पाणी टेबलाला लागलंय!”

सेक्रेटरी नाइट गाउनमध्येच बाहेर आले. “देऊ ना. नाही कोण म्हणतंय? पण होडी कॉलनीच्या नावावर आहे. ठराव लागेल.”

क्लबहाउसमध्ये बैठक बसली. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. एकाचं म्हणणं पडलं की आपण मदत केली तर आपण सक्षम आहोत असा अर्थ निघेल, आणि पुढच्या वाटपातला जनरेटर हातचा जाईल. त्यावर उलटसुलट चर्चा झाली. शेवटी सेक्रेटरींनी तोडगा काढला: होडी द्यावी, पण असहायपणे द्यावी. ठराव एकमताने मंजूर झाला.

“किल्ली घे,” डॉक्टरीणबाई माळ्याला म्हणाल्या, “पण शेवंती मातीसकट काढ हं. तोडू नकोस.”

माळ्याने शेवंती मुळासकट उपटून फेकली. हाताने माती उपसली. बोटं रक्ताळली तेव्हा तळ लागला, आणि तळाला, धावपळीत तो विसरलेली, त्याचीच भोकं लागली. त्याने एकात बोट घातलं. दुसऱ्यात घातलं. मग तो माझ्यातच मटकन बसला. आठ माणसांची होडी मी. त्या दिवशी एकच माणूस बसलं, आणि तेही रडायला.

खाली काय झालं ते मी नंतर ऐकलं. टेबल तरंगलं. त्यावर आबा, आणि पाण्यात टेबलाचा पाय धरून इस्त्रीवाली. वस्तीतल्या ज्यांना पोहता येत होतं, ते सगळे वाचले. गल्लीच्या कोपऱ्यावर प्रवाह वळतो. आबा रोज जाऊन येतो म्हणाले होते, तोच कोपरा. तिथे टेबलाला हिसका बसला आणि तिच्या हातून पाय सुटला.

पाणी उतरलं आणि फेरमोजणी आली. साहेबांनी इस्त्रीवालीला पुन्हा माझ्यापाशीच गाठलं. या वेळी तिच्याकडे गाठोडं नव्हतं. कुणाचे कपडे वाहून गेले ते सांगायला ती दारोदार फिरत होती.

“ताई, मोजायचं तुमचं एकच घर राहिलंय. इथेच सांगून टाका. घरात दुसऱ्याच्या आधाराशिवाय बाहेर पडू न शकणारं कोणी?”

तिचा हात माझ्या काठावर होता.

“आता नाही,” ती म्हणाली.

साहेबांनी ‘नाही’ दाबलं. ‘आता’ला टॅबवर जागा नव्हती. “छान. मागचं उत्तरही हेच आहे. म्हणजे मोजणी बरोबर होती.”

खालची वस्ती या वेळीही सगळ्यात भक्कम ठरली. मी अजून हिरवळीवरच आहे. भोकं बुजवायला एक दुपार पुरेल. माळी रोज विचारतो, त्याला ठराव लागेल असं सांगतात. बुजवा, आणि मला खाली न्या. एवढंच मागणं आहे. नदीचा वास मी विसरलेले नाही.

टेबल कोपऱ्यावरच्या भिंतीला अडकलेलं सापडलं. आबा अजून सापडलेले नाहीत. माणसं मोजणारं खातं म्हणतं, ते पाण्यात आहेत. पाणी मोजणारं खातं म्हणतं, ते माणूस आहेत. त्यांना शोधायला कुणी जायचं, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.