कडी नसलेली बादली

तानुबाईच्या फोनवर जुगाराच्या जाहिराती थांबता थांबेनात, आणि त्यांच्यामागे दिसत होतं 'पाणपाळी'. संजीवनीने बनवलेलं ॲप. सामाईक विहिरीवर आज कोणत्या भावाची पाणी घ्यायची पाळी, एवढंच ते सांगायचं. फुकट होतं, जाहिरात एकही नव्हती.

"तुह्यावर भरोसा ठेवून घेतलं होतं मी," तानुबाई म्हणाली. अमडापुरात एवढं बोलणं पुरतं. दुपारपर्यंत अर्ध्या गावाने ॲप काढून टाकलं आणि संजीवनीला तोंड दाखवायची सोय उरली नाही.

तानुबाईच्या सुनेने ते उतरवलं होतं भलत्याच साइटवरून. नाव तेच, वर 'अधिकृत' असा सोनेरी शिक्का, खाली हिरवंगार बटण. खऱ्याला कुठे असते शिक्क्याची हौस! ॲपचा कोड खुला होता, तो कोणीही न्यावा, बदलावा. पण नाव आणि चिन्ह संजीवनीचं आणि ॲपमधला तिचा भागीदार गजेंद्र याचं. दोघांनी मिळून ते नोंदवलं होतं, सामाईक विहीर सात-बारावर चढवतात तसं.

मग तिची नजर त्या साइटवरच्या चिन्हाकडे गेली. खऱ्या चिन्हातल्या बादलीला कडी होती, या बादलीला नव्हती. तशी बादली गजेंद्रने अगदी सुरुवातीला काढली होती आणि हिने हसून ती नापास केली होती. मग ती या चोरट्यांच्या हाती लागली कशी? गजेंद्रने नुकताच नवा फोन घेतला होता, तोही आता तिच्या डोळ्यांत सलू लागला. हल्ली तो कमी बोलायचा, त्यातही तिला लबाडी दिसली.

तिने त्याला खामगावला फोन लावला.

"ते जुनं बादलीचं चित्र तुह्याकडंच होतं ना?"

"हो. काऊन?"

"मंग त्या नकली साइटवर कसं गेलं? खरं सांग, कोनाले देलं तू?"

"हे तू मले इचारून राह्यली?" एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला. आता तर तिची खात्रीच पटली.

संध्याकाळी ती नकली साइट जिच्या सर्व्हरवर होती त्या होस्टिंग कंपनीकडे तक्रार लिहायला बसली, तेव्हा पुरावा हवा म्हणून तिने खुल्या कोडच्या जुन्या फायली उघडल्या. अगदी पहिल्या फायलींत ती बादली होती, कडीविना, साऱ्या जगाला उघडी. कोणीही उचलून न्यावी अशी. आणि ती तिथे चढवणाऱ्याचं नाव होतं संजीवनी. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

तक्रारीला दोन्ही मालकांची सही लागत होती. तिने भीतभीत पुन्हा फोन लावला. त्याने उचलला.

"गजेंद्र, चुकलं माह्यं. ते चित्र मीच टाकलं होतं. तक्रारीवर तुही सही पाहिजे."

"देतो ना," तो म्हणाला. "पन आधी नीट तपासून घे. सही करनारा मीच हाय, का कोनी नकली."

तो हसत नव्हता.