विहिरींवरचे व्याख्यान आणि एक कुत्रा

ज्या पत्राला मी वेळेवर उत्तर दिले नाही, ते बडोद्याच्या पालिकेचे होते. १९९६ सालची गोष्ट. ‘आपल्या फतेगंजातील घराच्या ओट्यावर तांबडा कुत्रा बसतो. तो आपला असल्यास तसे कळवून परवाना घ्यावा; नसल्यास उचलण्यात येईल.’

प्रश्न सरळ होता, पण मला अवघड गेला. मला कुत्रा हवा होता, एवढे नक्की. त्याला मी हवा होतो की नाही, हे कसे समजावे? ‘बहुधा’, ‘एका अर्थी’, ‘माझ्या समजुतीप्रमाणे’ असे लिहून लिहून मी कागद फाडले. दरम्यान गाडी आली आणि त्याला घेऊन गेली.

“अहो, माझा आहे म्हणायला काय जातं तुमचं?” नलिनी म्हणाली. “मला बघायला आलात तेव्हाही ‘कळवतो’ म्हणून गेलात, आणि कळवलं शेवटी तुमच्या आईनं! जा, घेऊन या त्याला.”

कोंडवाड्यात सगळी कुत्री एकदम भुंकत होती. तिथले कारकून धनाजीराव कानांत कापूस घालून बसले होते. त्यांच्यासमोर सावली गावचे कांचनभाई उभे होते. त्यांना गोदामासाठी राखणदार हवा होता आणि त्यांनी नेमका तोच तांबडा कुत्रा पसंत केला होता.

“काका, तुमचा आहे?” धनाजीरावांनी कापूस काढून विचारले.

“म्हणजे... तसं म्हणता येईल.”

“नाव काय त्याचं?”

त्याला विचारल्यावाचून नाव कसे ठेवायचे, म्हणून ते राहूनच गेले होते.

“मग नुसती हाक मारा. आला तर तुमचा. आमची रीतच आहे.”

कुत्र्याला अंगणात मधोमध सोडले. मी कसाबसा म्हणालो, “या.”

त्याने माझ्याकडे बघून जांभई दिली. कांचनभाईंनी खिशातून बिस्कीट काढले. “आव बेटा, आव!” बेटा लगेच गेला.

घाबरलो की मी काहीतरी वाचू लागतो. पिशवीत माझे व्याख्यान होते, ‘बडोद्याच्या जुन्या विहिरी’. ते मी एका वाचनालयात एकदाच दिले होते. तिसऱ्या विहिरीला अध्यक्ष घोरू लागले. तेव्हापासून मी ते रोज दुपारी ओट्यावर मोठ्याने वाचून सुधारत असतो. श्रोता एकच, तोही तांबडा.

मी पहिल्या विहिरीचा घेर सांगू लागलो. कुत्र्याचे कान हलले. अर्धे बिस्कीट टाकून तो आला आणि माझ्या चपलेवर डोके ठेवून दुसऱ्या विहिरीच्या पायऱ्या संपायच्या आत झोपला. पिंजऱ्यांतले भुंकणेही उतरत गेले. शेवटी माझा आवाज आणि घोरणे एवढेच उरले. त्या घोरण्यात धनाजीरावांचाही वाटा होता.

कांचनभाईंनी कुत्र्याच्या कानाशी टाळी वाजवली. तो हलला नाही.

“आ चोकीदार? चोर आवशे ने आ तो घोरशे! तमे ज राखो, काका. अने आ चोपडी सावलीमां ना लावता!”

घोरणारा राखणदार नको आणि माझी वहीही सावली गावात नको, एवढे बजावून ते गेले. धनाजीराव डोळे चोळत उठले.

“न्या तुमचा कुत्रा. पण आमच्या पत्राचं उत्तर नाही आलेलं. त्याशिवाय परवान्याचा बिल्ला निघत नाही, आणि बिल्ला नसला की गाडी पुन्हा उचलते.”

“आत्ता लिहून देतो.”

“हातात दिलेलं चालत नाही, काका. पत्र टपालानं गेलंय, उत्तरही टपालानंच यायला हवं.” मग ते म्हणाले, “शनिवारी जमलं तर विहिरी घेऊन या. कानांना केवढा आराम पडला!”

टपालपेटी कोंडवाड्याच्याच भिंतीवर टांगलेली होती. तिच्याखाली उभा राहून मी पिशवीतले कोरे कार्ड काढले. कुत्रा पुन्हा चपलेवर पसरला होता, त्यामुळे मला हलताही येईना. ‘बहु’ एवढे लिहिले, आणि खोडले.

‘कुत्रा माझा आहे.’

खाली सही केली आणि मत बदलायच्या आत कार्ड पेटीत टाकून दिले.