डावीकडे कललेला पियानो

मित्रांनो, मी एक जुना निळा पत्र्याचा डबा आहे. डेट्रॉईटच्या एका लहानशा स्टुडिओत काझिक नावाच्या ध्वनिमुद्रकाने मला स्वतःच्या हाताने घडवले. सूर डाव्या कानाकडून उजव्या कानाकडे झुलवणे हे माझे काम. इतर डबे एकाच लयीत झुलवत राहतात. मी मात्र सुराचा चढउतार पाहतो. पियानोची पट्टी जोरात दाबली की सूर लांब जातो, हळू दाबली की जवळच राहतो. किती चटकन जायचे आणि किती सावकाश परतायचे, हे माझी बटणे ठरवतात.

लव्हॉन पेटवे वीस वर्षे चर्चमध्ये इलेक्ट्रिक पियानो वाजवत होती. तिची पहिलीच रेकॉर्ड माझ्यातून निघाली. काझिकने मला दोन्हीकडे सारखे झुलायला लावले. सगळ्यांनी वाहवा केली आणि मीही फुशारलो. मग तिचा नवरा क्लीओटिस कारखान्यातून आला आणि हेडफोन लावून ऐकू लागला.

"अर्धे सूर गाळतेस की," तो म्हणाला. "बोटं दमली का गं?"

लव्हॉनची बोटे त्या हिवाळ्यात आखडत होती. तिने पियानोचे झाकण लावले. "दमली असतील. काझिक, राहू दे ही रेकॉर्ड."

मला फार राग आला, पण डब्याला कोण विचारतो?

काझिक वाद घालत बसला नाही. "क्लीओटिस, हेडफोन उलटे घाल बघू."

त्याने ते उलटे घातले. "आता मघाचे गाळलेले ऐकू येतात आणि मघाचे ऐकलेले गेले. तुझं यंत्र बिघडलंय."

"यंत्र नाही," लव्हॉन म्हणाली. "कुठला कान?"

तो टोपीशी चाळा करत राहिला. "उजवा. पत्रा ठोकायच्या प्रेसपाशी गेला. सहा वर्षं झाली. सांगितलं असतं तर कामावरून हलवलं असतं."

"सहा वर्षं मी गाडीत तुझ्या उजवीकडे बसून बोलतेय."

"म्हणून तर भांडणं झाली नाहीत."

ती हसली आणि मग डोळे पुसू लागली. तिची बोटे आखडत असली तरी सूर गाळत नव्हती.

काझिकने माझी बटणे नव्याने लावली. हळुवार सूर डावीकडेच राहतील. जोराचे तेवढे उजवीकडे जातील आणि ओसरताना सावकाश परततील. क्लीओटिसने हेडफोन सुलटे घातले आणि लव्हॉन पुन्हा वाजवायला बसली. शेवटचा सूर तिने सारा जोर लावून छेडला. तो उजवीकडे गेला. क्लीओटिसचा चेहरा कोराच होता. तिने पट्टी सोडली नाही. मी तो सूर हळूहळू परत आणला.

"आला," क्लीओटिस म्हणाला.

आता मी फळीवर धूळ खात पडलो आहे. ती रेकॉर्ड ऐकून नवे लोक म्हणतात, पियानो डावीकडे कलला आहे, कुणीतरी चूक केली. मित्रांनो, माझी धूळ जरूर पुसा. पण माझी बटणे मधोमध आणण्याआधी एवढे विचारा, ऐकायला कोण बसले होते?