मातीच्या बाईचा पदर

संघरत्नाने ताळ सोडला होता, असं गोजाबाईचं ठाम मत झालं होतं आणि ते तिने टोकावड्याच्या बाजारात भाजी घेता घेता दोघीतिघींना ऐकवलंही होतं. बावीस वर्षांची घोडी, शहापूरच्या हॉस्टेलात राहून शिकलेली, आता मुंबईच्या चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. आणि घरी येऊन करते काय, तर दिवसभर पडवीत उकिडवी बसून एका वितभर बाहुलीचा हात गव्हाच्या दाण्याएवढा हलवते. हलवायचा, मागे सरायचं, कॅमेऱ्याचं बटण दाबायचं, की पुन्हा पुढे. जेवायला हाक मारली तर "थांब गो आये". पडवीत कोणी धप्पकन पाय टाकायचा नाही, स्टँड हलतो. दारात उभं राहायचं नाही, सावली पडते. ज्या घराच्या विटा गोजाबाईने डोक्यावरून वाहिल्या, त्या घरात तिला मागच्या दाराने चोरासारखं शिरावं लागत होतं.

त्यात शेजारची सकुबाई. ती एकदा कुडावरून डोकावली आणि मातीची बाई बघून म्हणाली, गोजा, देव परत आनलेस काय? आता हे मुद्दाम खाजवणं होतं. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर गोजाबाईच्या बापाने घरातले देव टोपलीत भरून काळू नदीला नेले, तेव्हा फ्रॉकमधली गोजा मागून चालत गेली होती. गोजाबाईपुढे मूर्तीचा विषय काढायचा म्हणजे मुद्दाम कळ काढायची.

"देव नाय तो," गोजाबाई म्हणाली. "बाय हाय. कामाला लावलीय, पुजायला नाय."

काम खरंच होतं. ती मातीची बाई शेताचा बांध घालायची. पाणी यायचं, बांध फुटायचा, ती पुन्हा घालायची. एवढीच गोष्ट, बोलणं काही नाही. शेत घरच्याच शेतातल्या मातीचं होतं, पण बाई मुंबईहून आणलेल्या तेलकट मातीची, कारण ती वाळत नाही आणि तडकत नाही. एकेक फोटो काढायचा आणि ते सगळे भराभर लावले की बाई चालायला लागते. दिवाळीनंतर हा सिनेमा कॉलेजात सरांपुढे लावायचा होता. सरांना पटला तर पोरगी पास, नाही तर शेवटचं वर्ष वाया. हे गोजाबाईला पुरतं ठाऊक होतं. म्हणून ती बाजारात बोलायची, घरात नव्हे.

घरात बोलायला नरेंद्र होता. गोजाबाईचा मोठा मुलगा, मुरबाडला एसटी स्टँडजवळ त्याचा फोटो स्टुडिओ. पावसाळ्यात लग्नं नसतात म्हणून कॅमेरा आणि लग्नातले दोन मोठे हॅलोजन दिवे त्याने बहिणीला दिले होते. तुळशीचं लग्न लागलं की परत, ही अट. तो रविवारी यायचा आणि म्हणायचा, आता सगळं कम्प्युटरवर होतं, माती चिवडत बसायला तू काय बालवाडीत आहेस? संघरत्ना म्हणायची, कम्प्युटरवर सगळं गुळगुळीत होतं रे दादा. मातीत करणाऱ्याचा हात दिसतो. आपल्या आजीच्या जन्माआधीपासून लोक असे सिनेमे करतायत आणि अजून बघतायत ते त्यासाठीच. नरेंद्र हसायचा. गोजाबाई सारवलेल्या जमिनीकडे बघायची. तिच्या हाताचे अर्धगोल फराटे पडवीभर होते, आणि हे कुणाचं सारवण, हे गावातली कुठलीही बाई ते बघून सांगू शकली असती. पण पोरांच्या भांडणात आईने पडलं की दोघंही शेफारतात.

तिला त्या बाहुलीत खटकायचं ते वेगळंच. पदर.

हॅलोजनच्या उष्णतेने माती मऊ व्हायची आणि त्या बाईच्या डोक्यावरचा नखाएवढा पदर हळूहळू मागे घसरायचा. संघरत्नाचं लक्ष हातापायांवर, तिला ते दिसायचं नाही. गोजाबाईला दुसरं काही दिसायचं नाही. तिची आई सांगायची, आपल्या बायांनी गुडघ्यावर लुगडं खोचून, मान खाली घालून फिरायचे दिवस गेले. चळवळीच्या सभेला जाऊन आलेल्या बायांनी गावात येऊन सांगितलं होतं, लुगडं घोट्यापर्यंत नेसा, नीट नेसा, कुणाच्या समोरून जाताना अंग चोरू नका. तेव्हापासून या घरातली बाई चिखलात उतरली तरी तिचा पदर जागेवर असतो. तो लाजेचा नव्हता, रुबाबाचा होता. आणि ही त्याच घरात घडलेली बाई, डोकं उघडं टाकून बांध घालतेय.

त्या वर्षी भारनियमन रोजचं होतं. दुपारी लाइट गेली की हॅलोजन विझायचे, संघरत्ना कंटाळून आत जाऊन आडवी व्हायची. मग गोजाबाई पडवीत यायची, पदराला हात पुसायची, आणि दोन बोटांच्या चिमटीत तो मातीचा पदर धरून हलकेच पुढे ओढायची. नीट बसवायची. रोज. लाइट आली की संघरत्ना पुढचा फोटो काढायची.

दिवाळीच्या तोंडावर काम संपलं. सगळे फोटो घेऊन संघरत्ना मुरबाडला नरेंद्रच्या स्टुडिओत गेली, दोन दिवस तिथल्या कम्प्युटरपुढे बसली, आणि संध्याकाळच्या एसटीने परतली ती पडलेल्या चेहऱ्याने. मागोमाग मोटारसायकलवर नरेंद्र. बाई चालते झकास, त्याने सांगितलं, पण पदर मधेच घसरतो आणि मधेच टुणकन वर जातो. कुणीतरी हात लावलाय.

"मी लावला," गोजाबाई म्हणाली.

संघरत्ना ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली आणि म्हणाली, आये, दोन फोटोंच्या मधे तिला वाराही लागून चालत नाय गो. पुन्हा करायला वेळ नव्हता. तुळशीचं लग्न चार पावलांवर आलं होतं आणि कॅमेरा जाणार होता. नरेंद्रने बहिणीच्या पाठीवर थाप मारली. ती उडी कम्प्युटरवर मी पुसतो, म्हणाला. नवरीच्या गालावरचे फोड पुसतो तसं.

गोजाबाईने त्या दिवशी जवळ्याची चटणी केली. संघरत्नाला आवडते म्हणून नव्हे, जवळा घरात पडला होता म्हणून. असं तिने स्वतःला दोनदा बजावलं. पोरीने अर्धी भाकरी खाल्ली. गोजाबाईने आपली भाकरी परत टोपल्यात ठेवली. पोरीचं वर्ष आपल्या दोन बोटांनी गेलं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढच्या रविवारी नरेंद्र दोन सीड्या घेऊन आला. एक पुसलेली, एक मूळची. त्या दुपारी लाइट होती. टीव्ही पडवीत आणला, सकुबाई बोलावण्याची वाट न बघता आली, पलीकडच्या घरातली लहानी आली, आणखी दोघीतिघी आल्या.

आधी पुसलेली लावली. पदर डोक्यावर डकवलेल्या कागदासारखा घट्ट. नरेंद्रने जाता जाता बाईच्या गालावरचे, हातावरचे बोटांचे ठसेही साफ केले होते. ती लग्नाच्या अल्बमात शोभली असती. बायकांनी छान हाय, छान हाय केलं. बांध दुसऱ्यांदा फुटेपर्यंत लहानी आपल्या गाभण गाईचं सांगायला लागली होती आणि बाकीच्या ऐकत होत्या.

गोजाबाई म्हणाली, दुसरी लाव. नरेंद्र म्हणाला, कशाला? ती म्हणाली, मी म्हनते म्हनून.

दुसरीत बाई वाकली, आणि तिच्या अंगावर संघरत्नाच्या बोटांच्या खुणा फोटोगणिक बदलत होत्या, त्यामुळे ती दम खात असल्यासारखी दिसत होती. माती ओढता ओढता पदर घसरायला लागला. लहानीची गाय राहून गेली. पदर आणखी घसरला.

"अगो बाय, पदर," सकुबाई टीव्हीला म्हणाली.

आणि पदर वर गेला. कुणी बघत नाही असं बघून त्या बाईने झटक्यात सारखा करावा, तसा. बायका हसल्या, आणि पुढचं बघायला सरकून बसल्या. बांध फुटला तेव्हा एकीने पाण्याला शिवी दिली. बाई पुन्हा वाकली, पुन्हा घसरला, पुन्हा वर. आता सगळ्या त्याचीच वाट बघत होत्या. शेवटचं ढेकूळ बसलं तेव्हा सकुबाई गोजाबाईकडे वळून बघत राहिली.

"ही तू हायस गो," ती म्हणाली. "चिखलात असलीस तरी तुला आरसा लागतो."

गोजाबाईने टीव्हीकडे पाहिलं. रुंद पाठ, जरा बाहेर पडणारा डावा पाय, पुढे काढलेली हनुवटी. इतके दिवस रोज पदर सारखा केला आणि तोंड नीट बघितलं नव्हतं. पोरीने कधी सांगितलंही नव्हतं. नरेंद्र मात्र अजून हिशेबात होता: लोकांना आवडलं ते ठीक, पण सर म्हणजे सर, त्यांना चूक ती चूक दिसणार, पुसलेलीच ने. संघरत्ना दोन्ही सीड्या मांडीवर घेऊन बसली होती. तिने आईकडे पाहिलं. मुंबईला जायला लागल्यापासून तिने आईला काही विचारलं नव्हतं, आता मात्र, कुठली नेऊ, हे ती नजरेने विचारत होती.

गोजाबाई उठून उभी राहिली, म्हणजे सकुबाईलाही नीट ऐकू जावं.

"दिसभर बाहुली हलवतेस म्हनून मी बाजारात तुला नावं ठेवली, ती काय मी परत घेनार नाय. पन बाय उभी केलीस ती खरी केलीस. मातीची हाय तरी कुनाच्या बापाला भीत नाय. हीच ने. सरांनी इचारलं पदर कोनी हलवला, तर मान खाली घालू नको, सांग माज्या आयनं हलवला. आनि शेवटी नाव येतं ना, तिथं दोघींचं टाक. आधी माजं, मग तुजं."