सात वाजून बावन्न मिनिटांची नोंद

मित्रांनो, अंगठा टेकवला की ‘टिंग’ वाजणारी डबी तुम्ही कुठल्या ना कुठल्या दारापाशी पाहिली असेल. तसलेच एक जुने हजेरीयंत्र मी. आज माझ्या काचेवर ओरखडे आहेत आणि मी कपाटात पडून आहे. पण एके काळी खोकी बनवणाऱ्या कारखान्याच्या फाटकावर माझ्याशिवाय कुणाचा दिवस सुरू होत नसे.

मला घडवणाऱ्यांनी माझ्या पोटात एक घड्याळ बसवले आणि थोडी आठवण ठेवली. कोण आले, किती वाजता आले, एवढेच माझे काम. काम करून करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या होत्या, त्यांना मी चटकन ओळखत नसे. पुठ्ठा कापणाऱ्या मावशी अंगठा पुसत म्हणत, “ओळख रे बाबा! सासरच्यांनीसुद्धा मला इतकं पारखून घेतलं नव्हतं.” मागची रांग हसे.

एका मंगळवारी मावशींनी सात वाजून बावन्न मिनिटांनी अंगठा लावला. दहाच्या सुमारास कापणीचे पाते खाली आले आणि त्यांचा पंजा त्याखाली सापडला. हात आत जाऊ नये म्हणून त्या पात्यापुढे असलेली जाळी महिनाभरापूर्वीच काढून ठेवली होती. तिच्यामुळे काम हळू होते म्हणे. आरडाओरड झाली, मावशींना गाडीत घालून नेले.

माझ्या शेजारीच संगणक सांभाळणाऱ्या बाईंची खोली होती. दुपारी व्यवस्थापक साहेब तिथे आले.

“चार वाजता सरकारी तपासनीस येतायत,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “मावशींची आजची हजेरी काढून टाका. त्या कामावर नव्हत्याच. सहज कुणाला तरी भेटायला आल्या होत्या.”

नोंद पुसायला दोन परवलीचे शब्द लागत. एक बाईंचा, दुसरा कारकून काकांचा. सगळे एकाच्याच हाती नको, म्हणून तो नियम. पण विसरभोळ्या काकांनी आपला शब्द चिठ्ठीवर लिहून संगणकालाच चिकटवला होता. साहेबांनी तो पाहून स्वतःच टाइप केला. एक कुलूप उघडले.

मित्रांनो, लोक म्हणतात, यंत्र खोटे बोलत नाही. खरे सांगू? हुकूम मोडायची ताकद माझ्यात नाही. दुसरा शब्द पडला असता, तर मी ती नोंद निमूटपणे गिळली असती आणि मावशी आल्याच नाहीत असे छातीठोकपणे सांगितले असते.

“बाई, नोकरी हवी ना?”

“हवी साहेब. घरात मी एकटीच कमावते.” बाई म्हणाल्या. “तुम्ही हे लेखी द्या. मीही लेखीच नाही म्हणते.”

“एवढ्याशा गोष्टीला लेखी कशाला?”

“एवढीशीच असेल, तर सहीला कितीसा वेळ लागतोय?”

साहेबांनी खिशातून पेन काढले आणि तसेच परत ठेवले. तेवढ्यात काका दारात आले. पडद्यावर आपले नाव पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“माझ्या नावानं आत कोण शिरलं?”

साहेबांनी नजर वळवली. काका समजले. त्यांनी चिठ्ठी ओरबाडून काढली आणि तिथल्या तिथे शब्द बदलला. साहेब दार आपटून निघून गेले.

चार वाजता तपासनिसांनी नोंद वाचली. मावशींच्या उपचाराची जबाबदारी कारखान्यावर आली आणि दुसऱ्याच दिवशी पात्याला जाळी बसली.

बाईंना शाबासकी मात्र मिळाली नाही. त्यांना मागच्या अंधाऱ्या भांडारात पाठवले. जेवणाच्या सुट्टीत साहेबांच्या भीतीने कुणी त्यांच्याजवळ बसेना. कितीतरी दिवस त्या एकट्याच जेवत. मग एक दिवस उजव्या हाताला पट्टी बांधलेल्या मावशी आल्या आणि डावा हात बाईंच्या डब्यात घालत म्हणाल्या, “सरका जरा.”

पुढे चेहरा ओळखणारे नवे यंत्र आले आणि मला कपाटात ठेवले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मित्रांनो, एक वेळ माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. पण यंत्राची किल्ली ज्याच्या हाती आहे आणि जो ‘नाही’ म्हणतो, त्याला एकटे जेवायला लावू नका.