उत्तराशिवाय पाटी निघत नाही

मित्रांनो, मी टपालाचे पत्ते छापणारे एक जुने यंत्र आहे, आणि माझ्या खालच्या खणात नऊ वर्षे एक पत्र पडून होते. त्या पत्राला उत्तर गेलेले नव्हते. त्यात काय लिहिले आहे हे मला ठाऊक नव्हते, कारण ते चार घड्या घालून, शाईच्या जुन्या फितींखाली दडवून ठेवलेले होते. दडवणारा माणूस रोज माझ्याच समोर बसून काम करत असे. तो भला दिसे. पण भल्या माणसाला दडवायचे काय असते? म्हणून मी त्याच्यावर संशय धरून होते.

संशय माझ्या अंगात जन्मापासून आहे. मी एका लांबलचक कारखान्यात तयार झाले. ओतीव लोखंडाचे अंग, पितळेची घसरण आणि पायाने दाबायचा एक दांडा. मला बाहेर पाठवण्याआधी तिथल्या तपासनिसाने एकच पत्ता माझ्याकडून दोनशे वेळा छापून घेतला. शेवटचा कागद भिंगाखाली धरून तो म्हणाला, "दोनशे वेळा बरोबर आलं, म्हणून पुढच्या वेळी येईलच असं नाही. नजर ठेवायची." मी त्याचे बोलणे मनावर घेतले. कदाचित जरा जास्तच घेतले असेल.

मला मुलांच्या एका मासिकाने विकत घेतले. मासिकाच्या मागच्या खोलीत, डिंकाचे भांडे आणि वेष्टनांचे गठ्ठे यांच्यामध्ये माझी जागा ठरली. माझे काम असे होते. प्रत्येक वर्गणीदाराच्या नावापत्त्याची पत्र्याची एक छोटी पाटी असे. अशा तीन हजार पाट्या तबकांत उभ्या रचलेल्या असत. पाटी घसरणीतून खाली आली, दांडा दाबला, की खट्ट! वेष्टनावर पत्ता उमटे. ज्याची वर्गणी संपली त्याच्या पाटीला लाल चिमटा लावत. पैसे आले की चिमटा काढत. तीन महिने वाट पाहूनही आले नाहीत, तर पाटी तबकातून बाहेर.

ज्यांनी मासिक सुरू केले त्या थोरल्या बाई पाहुण्यांना मुद्दाम माझ्याकडे घेऊन येत. "आमच्या कार्यालयातलं सगळ्यात शहाणं हेच. ना चहा मागतं, ना रजा," असे त्या म्हणत. मला फार बरे वाटे. त्यांचा एक नियम होता. कुणी 'अंक बंद करा' असे कळवले, तर आधी त्याला हाताने लिहिलेले उत्तर जायचे आणि मगच पाटी काढायची. त्या म्हणत, "माणूस आपल्या घरातून उठून चाललाय. दारापर्यंत सोडायला नको? उत्तराशिवाय पाटी हलता कामा नये."

ही उत्तरे लिहिण्याचे काम वेष्टनकाकांकडे होते. दिवसभर वेष्टने चिकटवतात म्हणून त्यांना हे नाव पडले होते. खरे नाव बहुधा पगारपत्रकालाच ठाऊक असावे. काका फार कमी बोलत. कुणी मोठ्याने हाक मारली तरी दचकत. पण उत्तरे सुरेख लिहीत. एक ओळ लिहायला अर्धा तास घेत, हा भाग वेगळा.

थोरल्या बाई गेल्या आणि त्यांची मुलगी संपादक झाली. त्यानंतर वर्षभराने ते पत्र आले. काकांनी ते उभ्यानेच वाचले. मग बसले. कोरा कागद घेतला, दोन शब्द लिहिले, फाडले. पुन्हा लिहिले, पुन्हा फाडले. दुसऱ्या दिवशीही तेच. आठव्या दिवशी त्यांनी ते पत्र माझ्या खणात दडवले.

तेव्हापासून एका पाटीचे मला काही कळेना. तिला लाल चिमटा लागे, पण पैशांची पावती न येताच काका तो इकडेतिकडे पाहून काढून टाकत. एकदा नव्हे, नऊ वर्षे! अंक जातच होता. माझ्या मनात नाही नाही ते येऊ लागले. पत्ता काकांच्या भाच्याचा तर नसेल? काका फुकटचे अंक घरच्यांना वाटतात की काय? कार्यालयाचा इतका विश्वास, आणि हा माणूस विश्वासाने मान कापतो! मला तोंड असते तर मी केव्हाच बोलले असते.

पुढे माझे दिवस फिरले. पाट्या तीन हजारांच्या नऊशे झाल्या. माझ्या डोक्यावर कुणीतरी चहाचे कप ठेवू लागले. दांडा कुरकुरे, तेल घालायला कुणाला सवड नसे. मग एके दिवशी संपादकबाई एका गृहस्थाला घेऊन आल्या. तो वर्गणी सांभाळण्याचे सॉफ्टवेअर विकत होता. गळ्यात ओळखपत्र, बगलेत लॅपटॉप आणि जिभेवर साखर.

"मॅडम, आता सगळं जग वर्गणीवर चाललंय," तो म्हणाला. "गाणी, सिनेमे, व्यायामशाळा, पिण्याच्या पाण्याचे जार. परवा एक गिऱ्हाईक आलं, ते दर महिन्याला मोजे पाठवतं. मोजे! आठवड्याला पाच-सहा नवे धंदे आमच्याकडे येतायत, आम्हाला माणसं पुरत नाहीत. लोकांनी एकदा नाव नोंदवलं, की पैसे आपोआप कापले जातात. ते विसरले तरी चालू राहतं."

"विसरले तरी?" काकांनी हळूच विचारले.

"तीच तर गंमत आहे, काका!"

मला यात काही गंमत वाटली नाही. कुठेतरी पाणी मुरत होते.

"आणि कुणाला थांबायचं असेल तर?" काका म्हणाले.

"सोपं आहे. बटण आहे की." त्याने लॅपटॉप उघडला. "हे बघा, इथे आत जायचं... नाही, इथे नाही. खाली या. अजून खाली. मागच्या महिन्यात तर इथेच होतं!"

"दार बांधताना कडी बाहेरून लावायची विसरले नाहीत तुमचे लोक," संपादकबाई म्हणाल्या. तरीही त्यांनी सॉफ्टवेअर घेतले. आमच्यासारख्या मासिकाला मागे राहून चालणार नव्हते. माझ्या दांड्यासारखाच त्यांचा खांदाही आता दुखत असे, हे मी पाहत होते.

पुढच्या आठवड्यात तो गृहस्थ सगळ्या पाट्या एक एक करून यादीत उतरवायला बसला. दुपारी एकच्या सुमारास त्याचा हात थांबला.

"काका, हा काय प्रकार आहे? या पाटीवर नऊ वर्षांत एक पावती नाही, तरी अंक चालू?"

सापडला चोर, मी मनात म्हटले. काकांचा चेहरा वेष्टनासारखा पांढरा पडला. तेवढ्यात संपादकबाई आत आल्या.

"काका?" त्या म्हणाल्या. "कुणाची पाटी आहे ही?"

खाली वाकून काकांनी माझा खण उघडला, फितींखालून ते पत्र काढले आणि बाईंच्या हातात दिले. बाईंनी ते मोठ्याने वाचले. तेव्हा ते मी पहिल्यांदा ऐकले.

शाईने लिहिले होते: "महोदय, आमची मुलगी गेल्या महिन्यात वारली. तिच्या नावाचे वेष्टन दारात येते, ते मला पाहवत नाही. अंक बंद करावा." खाली वडिलांची सही होती. आणि सहीच्याही खाली, कागदाच्या अगदी काठाला, पेन्सिलने बारीक अक्षरांत लिहिले होते: "कृपा करून बंद करू नका. मी पोस्टमनला फाटकाबाहेरच गाठत जाईन. यांना सांगू नका. तिची आई."

"कुणाला उत्तर लिहू, बाई?" काका म्हणाले. "कागद एक आणि माणसं दोन. एकाचं ऐकलं की दुसऱ्यावर अन्याय. उत्तर सुचेना, आणि उत्तराशिवाय पाटी काढायची नाही हा आपला नियम."

"आणि अंक?"

"कार्यालयाचा नाही हो. नोकर म्हणून मला एक फुकट मिळतो ना, तोच तिकडे लावत होतो."

मित्रांनो, त्या क्षणी मला वितळून पुन्हा कारखान्यात जावेसे वाटले. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ शोधता शोधता मला स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसले नव्हते. 'बंद करा' म्हटल्यावरही चालू राहते म्हणून मी नव्या सॉफ्टवेअरला नावे ठेवत होते. आणि त्या वडिलांनी बंद करा म्हटलेले नाव गेली नऊ वर्षे दर महिन्याला कोण छापत होते? मीच.

"आता या पाटीचं काय होईल?" बाईंनी त्या गृहस्थाला विचारले.

तो प्रथमच अडखळत बोलला. "चालू म्हणून घेतली, तर एक तारखेला नऊ वर्षांच्या थकबाकीची नोटीस जाईल. आपोआप. पाटीवर फोन नंबर नाही, म्हणजे टपालाने, छापील. तिच्याच नावाने."

"मग बंद म्हणून घ्या."

"बंद करताना कारण लागतं." त्याने पडद्यावरचे वाचले. "महाग वाटते. वेळ मिळत नाही. दुसरीकडे वर्गणी घेतली. इतर."

"इतर," काका पुटपुटले.

"आणि मग एक निरोप जातो, तोही आपोआप." त्याने पुढचे वाचले. "'तू गेलीस, आम्हाला करमत नाही! परत ये, पहिला महिना फुकट.'" त्याने लॅपटॉप मिटला. "हे मीच लिहिलंय. लोकांना आवडतं."

मग तो म्हणाला, "मी ही पाटी यादीत घेतच नाही. पण पाट्यांची संख्या आणि यादी जुळावी लागते, आणि चार वाजता यादी वर जाते. तोवर ही तुमच्या तबकातून निघाली पाहिजे. नाहीतर दुसरा कुणीतरी येऊन चढवेल."

"पाटी उत्तराशिवाय निघत नाही," बाई म्हणाल्या. "आईचा नियम मी मोडणार नाही. काका, बसा. एका पत्राला नऊ वर्षं? आपले लेखकसुद्धा इतका उशीर करत नाहीत!"

काका बसले. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर घाम पुसत पुसत लिहिले आणि बाईंपुढे धरले. बाईंनी वाचले:

"आपल्या पत्राला उत्तर द्यायला नऊ वर्षे लागली. दोष माझा आहे, क्षमा करावी. आपल्या मुलीच्या नावाचा अंक आजपासून बंद केला आहे. ती दर महिन्याला कोड्यांची उत्तरे पाठवत असे. चुकले की पुढच्या महिन्यात 'माझेच बरोबर होते' असे कळवत असे. त्यातले एक खरोखरच तिचे बरोबर होते, आम्ही छापताना चुकलो होतो. हे तिला कळवायचे राहून गेले. घरात आणखी कुणाला अंक वाचावासा वाटला, तर त्यांनी फक्त स्वतःचे नाव लिहून पाठवावे. नवी पाटी मी करून ठेवीन."

बाईंनी लाल पेन्सिल उचलली आणि एकच शब्द खोडला. 'आजपासून'.

"हा राहिला असता तर?" त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं अंक येत होता हे वडिलांना कळलं असतं. आईनं काय विनवलं होतं?"

"पण मग ते खोटं नाही ना होणार?" काकांनी विचारले.

"अंक बंद केलाय की नाही?"

"केलाय."

"मग केव्हा, ते कुणी विचारलंय?"

हे खरे की खोटे, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. त्या आईला शेवटच्या दोन ओळींचा अर्थ कळेल असे वाटते. वडील तो कागद फाडूनही टाकतील. मी यंत्र आहे, मला पुढचे दिसत नाही.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एक विनंती आहे. मला तेल घाला, पुसा, असे मी म्हणत नाही, माझे आयुष्य होऊन गेले. नव्या सॉफ्टवेअरवरचा माझा संशयही जाणार नाही, आणि तुम्हीही तो थोडा ठेवा. तुमचे नाव कुणाच्या यादीत गेले, तर बाहेर पडायचे दार कुठे आहे हे आधी विचारून घ्या. आणि उद्या तुमच्याच हाती अशी यादी आली, तर तिच्यातून निघू पाहणाऱ्याला तिष्ठत ठेवू नका. सुंदर उत्तर सुचत नसेल, तर साधे लिहा. पण लिहा.

काकांनी पत्र पुन्हा स्वच्छ उतरवले. पाकिटावरचा पत्ता माझ्याकडून छापला नाही, हाताने लिहिला, आणि त्यात आधी आईचे नाव नव्हते, वडिलांचेही नव्हते. दोघांचे मिळून एकच संबोधन होते. चार वाजायला वीस मिनिटे होती. सॉफ्टवेअरवाला घड्याळ पाहत होता, पण त्याने एकदाही घाई केली नाही. "टपालाच्या पिशवीत टाका ना, काका," बाई म्हणाल्या. काकांनी नकारार्थी मान हलवली आणि चपला घातल्या.

माझ्या समोरच्या खिडकीतून गल्लीच्या तोंडाशी असलेली टपालपेटी दिसते. काका तिच्यापाशी पोहोचले. पाकीट आत घातले, पण सोडले नाही. बाहेर काढून पत्ता पुन्हा वाचला. तिकीट अंगठ्याने दाबून पाहिले. मागून येणाऱ्या एका बाईला त्यांनी आधी तिचे पत्र टाकू दिले. मग इकडेतिकडे न पाहता हात पुन्हा पेटीच्या तोंडात घातला, आणि या वेळी तो रिकामा बाहेर आला.