सुनेच्या वतीनं दिलेली उत्तरं

"कानात काही आवाज? शिट्टी, घूं घूं, असं काही?" सिस्टरनं इंजेक्शन भरता भरता धाकट्या लेकीला विचारलं.

शेजारी बसलेल्या म्हातारीचं तोंड सवयीनं उघडलं. तिनं ते तळहातानं घट्ट दाबून धरलं.

"आजी, मळमळतंय का?"

"मला काय धाड भरलीय! तिला विचारलंस ना? मग तिलाच बोलू दे."

धाकटी लेक आईकडे बघतच राहिली. दवाखान्यात मोठ्या माणसांनी बोलायचं आणि आजाऱ्यानं नुसता दंड पुढं करायचा, ही त्यांच्या घरची रीत. म्हातारीनंच घातलेली.

दोन वर्षांपूर्वी याच बाकावर सून बसायची. क्षयाचं दुखणं. पहिल्या खेपेला औषधं मधेच सुटली आणि दुखणं दुप्पट जोरानं उलटलं, म्हणून दुसऱ्या खेपेला म्हातारीनं कंबर कसली. एक इंजेक्शन चुकवू दिलं नाही. सिस्टर रोज हेच विचारायची आणि सुनेचे ओठ हलायच्या आत म्हातारीचं उत्तर तयार असायचं, "काही नाही हो, ठणठणीत आहे. टोचा तुम्ही." कान तपासायला बोलावलं, तर म्हणाली, "माझी बोलणी बरोबर ऐकू येतात तिला, आणखी काय तपासायचं?" आणि सुनेला उठवून घरी घेऊन आली.

घरी सून म्हणाली होती, "सासूबाई, कानात सारखी शिट्टी वाजते."

"वाजू दे. सांगितलंस तर इंजेक्शन बंद करतील. मग बस पुन्हा खोकत."

सुनेनं पुन्हा सांगितलं नाही. खोकला गेला, आणि त्याच्या मागोमाग कानही गेले. डॉक्टर म्हणाले, "शिट्टी वाजली तेव्हाच सांगायचं ना. इंजेक्शन कानाला बाधतंय हे कळलं असतं, औषध बदललं असतं. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही." म्हातारीच्या तोंडाचा पट्टा त्या दिवशी प्रथमच बंद पडला.

आता तेच दुखणं धाकटीला.

"कालपासून वाजतंय काहीतरी," धाकटी अखेर म्हणाली. "डाव्या कानात. बारीक."

सिस्टरनं भरलेलं इंजेक्शन खाली ठेवलं आणि डॉक्टरांना बोलावलं. कान तपासून होईतो दुपार झाली.

"किंचित फरक पडलाय," डॉक्टर म्हणाले, "पण बोलणं सगळं ऐकू येतंय. हे इंजेक्शन थांबवू, दुसरं औषध देऊ. बरं झालं, वेळेवर सांगितलंत."

म्हातारी धाकटीला घेऊन घरी निघाली.

घरी सून दाराकडे पाठ करून शिवत होती. दोरा तुटला होता, मशीन रिकामंच धडधडत होतं आणि तिला पत्ता नव्हता.

म्हातारी उंबऱ्यातूनच म्हणाली, "चुकलं गं माझं."

मशीन धडधडत राहिलं. झालं, बोलून मोकळी झाले, असं म्हणत ती स्वयंपाकघराकडे निघालीही. चार पावलांवर तिची तिलाच लाज वाटली. पाठीमागून बोलणं हे कसलं बोलणं? ती मागे फिरली आणि वळसा घालून खिडकीपाशी गेली. उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी सुनेसमोर उभी राहिली.

सुनेनं चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं आणि तिच्या ओठांकडे बघितलं.

म्हातारीनं तोंडावर आलेला पदर बाजूला केला.

"थांब," म्हातारी म्हणाली. "सावकाश सांगते."